एकशे साठ पट्ट्या

जावई कारखान्यात येऊन उभा राहिला आणि मिस्त्रींची पंचाईत झाली. परक्या कारागिराला चार शब्द सुनावता येतात, जावयाला काय बोलणार? त्याची आधीची कंपनी बंद पडली होती आणि लेक म्हणाली होती, "बाबा, यांना सोबत घ्या. हात फार चालतो यांचा." हात चालत होता, हे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मनोमन कबूल केलं.

काम वाचनालयाच्या चाळीस खुर्च्यांचं होतं. प्रत्येक खुर्चीचे पाय एकमेकांना बांधायला चार आडव्या पट्ट्या, म्हणजे एकशे साठ, सगळ्या एका मापाच्या. जराशी लांबडी-तोकडी झाली की खुर्ची डुगडुगलीच.

पहिले दोन दिवस मजेत गेले. मिस्त्रींनी आपली युक्त्यांची पोतडी उघडली. स्क्रूला साबण चोळला की तो लाकडात कुरकुर न करता शिरतो. लाकडाला पोचा आला तर ओला फडका ठेवून गरम इस्त्री फिरवायची, दबलेली जागा फुगून वर येते. चौकट काटकोनात आहे का, हे बघायला टेप लागत नाही. दोन बारीक काड्या एकमेकींवर सरकवून या कोपऱ्यातून तिरकं समोरच्या कोपऱ्यात धरायच्या, मग त्याच दुसऱ्या दोन कोपऱ्यांत लावून बघायच्या. बसल्या तर चौकट बरोबर.

"मामा, इतकी वर्षं हे एकट्यानेच दाबून ठेवलंत होय?" जावई खूश होऊन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या युक्त्या काढल्या. टेबलात बसवलेल्या गोल करवतीवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं, कारण त्याने पातं नीट दिसत नाही. ड्रिलचं बटण प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून टाकलं, म्हणजे बोटाला ताण नाही. आणि मग त्याने ठोकळा काढला.

करवतीच्या टेबलावर, पात्याला समांतर, एक लोखंडी आडपट्टी असते. मिस्त्री तिला पात्याच्या बरंच अलीकडे एक ठोकळा आवळून ठेवत. लाकडाचं टोक ठोकळ्याला टेकवलं की माप मिळालं. मग पुढे ढकलायचं. पात्यापाशी पोचेपर्यंत टोक मोकळं झालेलं असतं, आणि कापलेला तुकडा निवांत पडून राहतो. जावयाने ठोकळा फळीवर ठेवला आणि लाकूड थेट आडपट्टीला घासत आत घातलं.

"एका पट्टीमागे तीन सेकंद वाचतात, मामा."

"तुकडा पातं नि आडपट्टीच्या मधे अडकला तर पातं त्याला मागे भिरकावेल, जावईबापू."

"घट्ट धरतो ना मी. आणि तुमची इस्त्री चालते, मग माझं का नाही? वेळ तर दोन्हींत वाचतो."

मिस्त्रींना याचं उत्तर सुचलं ते संध्याकाळी, झाडलोट करताना. मागच्या खोलीच्या दाराशेजारच्या गिलाव्यात एक पट्टी रुतून बसली होती, बरोबर छातीच्या उंचीवर. पक्कड लावून ओढावी लागली. जावई दिवसभर याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. इस्त्री चुकली तर लाकूड करपेल, जावईबापू, आणि ही चुकली तर... हे सांगायला ते वळले, तेवढ्यात लेक डबे न्यायला आली. नवऱ्याने काहीतरी म्हटलं आणि ती खळखळून हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. मिस्त्रींनी पट्टी भुशात टाकली आणि शब्द गिळले.

पुढचा आठवडाभर त्यांचा एक कान करवतीकडे असायचा. लाकूड पात्यात शिरताना किंचाळलं की हातातली पटाशी थांबायची. मग तुकडा पडल्याचा आवाज यायचा आणि पटाशी पुन्हा चालू व्हायची. काही म्हणजे काही झालं नाही. पट्ट्यांची चळत वाढत गेली. हळूहळू पटाशी थांबेनाशी झाली. एके दिवशी मिस्त्रींच्या लक्षात आलं की बटण आवळलेल्या ड्रिलने आपण तासभर भोकं पाडतोय, आणि बोट खरंच दुखत नाहीये. बटणावरची ती पट्टी त्यांनी काही सोडली नाही.

शेवटच्या बारा पट्ट्या उरल्या होत्या. दुपार होती, जावई मागच्या खोलीत लाकूड चिकटवायचा सरस आणायला गेला होता. मिस्त्री करवतीपाशी गेले. ठोकळा हाताच्या अंतरावर होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि लाकूड सरळ आडपट्टीला लावलं. एक झाली. दोन. सात. सोपं होतं खरंच.

आठवी तिरकी झाली. हाताला हिसका बसला आणि कोपराशेजारून काहीतरी सूं करत गेलं. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, डावीकडे सरकून राहायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. त्यांना खरचटलंही नाही. मागून भिंतीवर आपटल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. डबा पडल्याचा आला.

जावई दारात गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हात तोंडावर, अंगभर सरस आणि त्यात लाल.

डावा डोळा वाचणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच रात्री सांगितलं. बँडेज गुंडाळलेल्या तोंडाने जावई बायकोला म्हणाला, "माझंच चुकलं. मीच कापत होतो. ठोकळा लावला नव्हता."

"हजारदा सांगितलं होतं, घाई करू नका म्हणून," ती म्हणाली आणि रडली. मिस्त्री पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. जावयाने दुसरा डोळा त्यांच्याकडे वळवला आणि लगेच मिटून घेतला. बोलायचं नाही, एवढंच त्यात होतं.

मिस्त्री बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. लेक त्यांना आग्रहाने वाढायची, "तुमचा काय दोष बाबा," म्हणायची, आणि घास घशात फिरायचा. तिसऱ्या दिवशी तर तो सुखाने उतरला. त्याचीच त्यांना भीती वाटली. आणखी चार दिवस गेले तर आपल्यालाही तेच खरं वाटू लागेल.

ताट सरकवून ते म्हणाले, "करवतीवर मी होतो."

लेक भांडं पुसत होती, ती पुसतच राहिली.

"माहीत आहे."

"त्यांनी सांगितलं?"

"नाही. त्यांचा शर्ट मी धुतला. सरसाने नुसता माखला होता. करवत चालवणाऱ्या माणसाच्या हातात सरसाचा डबा कशाला असेल?" तिने भांडं खाली ठेवलं. "तीन दिवस तुमच्या तोंडाकडे बघत होते, बाबा."

मिस्त्री ताटावरून उठले.

"ते शेवटपर्यंत कबूल करणार नाहीत, मी ओळखते त्यांना," ती म्हणाली. "पण मला सगळं माहीत आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

मिस्त्रींनी हात धुतले आणि चपला घातल्या. दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. गल्लीतून गेलं तर आठ. ते मोठ्या रस्त्याने गेले, आणि पोचले तेव्हा भेटीची वेळ संपायला थोडाच अवकाश होता. जावई जागा होता; डोळा हलू नये म्हणून आता दुसऱ्यावरही बँडेज होतं. पाऊल वाजलं तशी त्याने मान पार डावीकडे वळवली, मग उजवीकडे, आणि तरीही कोण आलंय ते त्याला कळेना.

"कोण?" त्याने विचारलं.