बिल्ला नंबर तीन

दुष्काळात ऊस संपला, कारखान्याचं गाळप बंद पडलं आणि आमचा आगीचा बंब कारखान्याच्याच चारा छावणीवर येऊन उभा राहिला. मी त्रिंबक, बंबाचा ड्रायव्हर. सोबत बंकट आणि आमचे जमादार धोंडीराम. त्यांना आगीपेक्षा स्वतःच्या मिशीची काळजी जास्त.

छावणीत जनावरांची हजेरी सारजाबाई घ्यायची. दर जनावराला नंबराचा पिवळा बिल्ला. उरलेल्या तीन कोऱ्या बिल्ल्यांवर एक, दोन, तीन असे नंबर घालून तिनं ते सुतळीत ओवले आणि आमच्यापुढे धरले.

"आगीत शिरताना माज्याकडं द्यायचा, भाईर आला की घ्यायचा. जनावराची गिनती व्हती, तुमची कावून न्हाई?"

"मी काय बैल हाय का, गळ्यात बिल्ला घालायला?" जमादार म्हणाले. पण बाईनं घातलाच. आठवडाभर मी आणि बंकट त्यांच्या पाठीमागे हळूच हंबरत होतो. अशी मजा दुष्काळात कुठून मिळायची.

एका दुपारी कडब्याच्या शेडला आग लागली. आत वासरं बांधलेली. तोंडाला ओली फडकी गुंडाळून आम्ही निघालो, तर सारजाबाई दारात आडवी. आम्ही दोघांनी बिल्ले दिले. जमादारांनी आपला तिच्या अंगावर फेकला.

"घे, सांभाळ तुजा बैल."

वासरं निघाली. शेवटचं आमच्या हाती देऊन जमादार म्हणाले, "तुमी व्हा पुढं." बाहेर नुसता जल्लोष. शिट्ट्या काय, बंकटला खांद्यावर घेणं काय. जमादार मागच्या दारानं चहाला गेले, असं चार जणांनी छातीठोक सांगितलं. आम्हालाही पटलं. चहाच्या बाबतीत त्यांचा लौकिकच तसा.

सारजाबाई मात्र हसेना. "दोन बिल्ले गेले. तीन नंबर माज्या हातात हाय. माणूस आत हाय."

मी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बंकटला दिलं आणि आत शिरलो. पेंढ्यांची थप्पी कोसळून जमादार कमरेपर्यंत गाडले गेले होते. शिव्या देत होते, म्हणजे जिवंत होते. इतक्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

ओढून बाहेर आणलं, तर मिशी अर्धीच उरलेली. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. जमादार खोकत, रांगत सारजाबाईपुढे गेले आणि त्यांनी मान खाली घातली.

"बैल आला, बाई. बांध बिल्ला."