लग्नपत्रिकेएवढी फट

माझी फियाट एकोणीसशे अडुसष्टची. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात राहत असताना एका जानेवारीत मी तिला अशी पळवली, की दिल्लीचं धुकं मागे पडलं आणि मला गाठायला त्याला मार्च उजाडला. पटत नसेल तर राहू द्या. पुढचं मात्र शब्दन् शब्द खरं आहे.

या गाडीच्या पोटात दोन चिमुकले पॉइंट. ते एकमेकांना टेकतात, दूर होतात, दर खेपेला एक ठिणगी. मधली फट बरोबर असली तर गाडी हरिणी, चुकली तर म्हैस. फट मोजायची पट्टी बाजारात मिळते. मी कधी घेतली नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेची जाडी नेमकी तेवढीच. पंचेचाळीस वर्षं ती आत सरकवून सरकवून विजयालक्ष्मीचं, म्हणजे हिचं नाव पार काळं झालं. माझं अजून वाचता येतं.

"म्हणजे तुम्ही एकट्यानेच लग्न केलंत," ही म्हणते.

गेल्या फेब्रुवारीत जुन्या गाड्यांच्या रॅलीत झेंडा हलला, पण माझी गाडी हलेना. शेवटी बँडवाल्यांनी बाजे खाली ठेवून ढकलली. यंदा आयोजकांचं पत्र आलं: जी गाडी आपली आपण सुरू होणार नाही, तिचं नाव यादीतून कायमचं बाद.

पत्र नातीने वाचलं. उत्तरा गुरुग्रामला आमच्याबरोबरच राहते, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर.

"आजोबा, पॉइंट काढून टाकू यार. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवते. एक चुंबकाची कडी, एक छोटा डबा. घासायला नको, झिजायला नको."

"आणि मी काय करायचं?"

"आराम!"

आराम मला निवृत्तीच्या दिवशीही मिळाला होता, शाल आणि नारळासोबत. नारळाची निदान चटणी झाली.

रॅलीच्या आदल्या सकाळी आमच्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये उत्तराने डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे पॉइंट ज्यात बसतात त्या डबीची टोपी उघडली. मी टॉर्च धरून उभा. तिने पॉइंट काढले, कडी चढवली, डबा बसवला आणि जमिनीवर चाचपायला लागली.

"इथे एक निळी प्लास्टिकची पट्टी होती. कडी आणि डब्यामध्ये तेवढीच फट लागते. पाहिलीत?"

"नाही बुवा."

पट्टी माझ्या खिशात होती. म्हटलं, पट्टी नाही तर काम नाही. झक मारत पॉइंट परत बसतील.

"अच्छा. मग जुनेच लावते," ती म्हणाली आणि पॉइंट माझ्या हातावर ठेवले.

मी टॉर्च मारला. एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ. घासायला आता धातूच उरला नव्हता. मला बँडवाले दिसायला लागले.

"थांब," मी म्हटलं. "डब्याबरोबरच्या कागदावर फट किती लिहिलीय?"

तिने सूचना वाचली. "पॉइंटला असते त्याच्या दुप्पट."

मी पत्रिका काढली. मधोमध घडी घातली, आत सरकवली, डबा तिला अलगद टेकवला. "आता आवळ स्क्रू."

उत्तरा बघतच राहिली. "आजोबा, ही काय चीज आहे!"

ती हात धुवायला गेली तशी मी खिशातली निळी पट्टी काढून फटीत घालून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण उडून तिसऱ्या मजल्यावर गेलं.

रविवारी झेंडा हलला. मागच्या वर्षीचा बँडमास्टर बाह्या सारून तयारच होता. मी किल्लीला हात लावला न लावला तोच फियाट घुमली, आणि असा सूर धरला की बँडवाल्यांनी आपला बदलून घेतला.

"अंकलजी, अंदर क्या डलवाया है?" शेजारच्या मोटारीतले सरदारजी ओरडले.

"शादी का कार्ड!"

गाडी रांगेतून पुढे निघाली. शेजारी बसलेल्या उत्तराने समोर बघतच हात पसरला.

"माझी पट्टी."

मी निमूट काढून दिली. ती हसायला लागली.

"सोसायटीत सगळ्यांना सांगणार आहे."

"काय? पट्टी चोरली ते?"

"पत्रिकेने फट मोजली ते."

"ते मी सांगेन," मी म्हटलं. "तू आहे तेवढंच सांगशील."