रुंद पायाचा फर्मा

मी एक जुना फर्मा आहे. मित्रांनो, फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. बूट करणारा कारागीर माझ्यावर ओलं कातडं ताणतो, खिळ्यांनी ठोकतो, खाली तळ शिवतो आणि बूट वाळला की मला आतून ओढून काढतो. बूट गावोगाव हिंडतो आणि मी पुन्हा फळीवर जाऊन बसतो. जन्मात मी एक पाऊल चाललेलो नाही. तरी पायांबद्दल माझ्यापुढे कुणी शहाणपणा करू नये, एवढं मला कळतं.

एका सुताराने बाभळीच्या बुंध्यातून मला घडवलं. मी उजवा. माझा डावा जोडीदार शेजारीच असतो, पण तो मुखदुर्बळ, म्हणून सगळं मलाच सांगावं लागतं. सोलापुरात गुरुसिद्धप्पांच्या दुकानात मला चाळीस वर्षं झाली. घरात ते कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांच्या हातचा ‘शिकारी बूट’ एके काळी जिल्हाभर नावाजलेला होता. घोट्याच्या वर येणारा, जाड तळाचा, काट्याला दाद न देणारा. शिकारीवर केव्हाच बंदी आली, पण बुटाचं नाव तेच राहिलं. कालव्यावरचे पाटकरी, होटगीला रुळांवरून चालणारे रेल्वेचे गडी, रानातले राखणदार, सगळे तोच बूट मागायचे. एखादं गिऱ्हाईक खूश होऊन गेलं की गुरुसिद्धप्पा माझ्या टाचेवर थाप मारायचे. मी फुशारून जायचो, खोटं कशाला सांगू!

मग तयार बुटांचे खोके आले. गुरुसिद्धप्पांचा मुलगा सिद्धलिंग दुकानात बसू लागला आणि त्याने ते खोके छतापर्यंत रचले. यात त्याचं काही चुकलं नाही, लोकांनाच थांबायला वेळ नव्हता. पण आम्हा फर्म्यांना पोत्यात भरून वरच्या फळीवर टाकलं, त्याचा मला फार राग आला. तीन वर्षं मी झुरळांच्या संगतीत काढली. पोत्याला एक भोक होतं, तेवढ्यातून दुकान दिसायचं. त्याच भोकातून मी पूनमला पहिल्यांदा पाहिलं.

पूनम मोहोळच्या पलीकडच्या एका वस्तीवरची, मेंढपाळांच्या घरातली मुलगी. वनरक्षकाच्या भरतीत ती लेखी परीक्षेत पास झाली होती, धावण्यातही पास झाली होती. आता फक्त चालणं राहिलं होतं. चार तासांत सोळा किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर. तिच्या हातात एकवीस दिवस होते. तुम्ही म्हणाल, मेंढ्यांमागे वाढलेल्या मुलीला चालायची कसली भीती? भीती नव्हतीच. पण अनवाणी सराव केला तर तापल्या डांबराने तळव्यांना फोड आले, आणि बूट घालावा तर तिच्या पायाला बूटच मिळेना. लहानपणापासून रान तुडवून तिचा पाय रुंद झाला होता, बोटं मोकळी पसरलेली. बायकांच्या बुटात पाय शिरेना. पुरुषांचा मोठा बूट घातला तर टाच आत डुगडुगायची. एका दुकानदाराने तिला हसून विचारलं होतं, पाय आहेत की फावडी. ती हसली नाही आणि रडलीही नाही. सरळ पुढच्या दुकानात शिरली. आमचं दुकान अकरावं.

सिद्धलिंगनेही दोन खोके उघडले आणि मान हलवली. तेवढ्यात कोपऱ्यातून गुरुसिद्धप्पा म्हणाले की ते शिवून देतील. म्हातारबांच्या आवाजात किती वर्षांनी तो जोर आला होता! त्यांनी स्वतः स्टुलावर चढून पोतं खाली घेतलं, मला धोतराच्या सोग्याने पुसलं. मग जमिनीवर कागद पसरला, कानावरची पेन्सिल काढली आणि पूनमचा पाय धरायला हात पुढे केला.

पूनम चटका बसावा तशी मागे सरली. माप मीच काढून देते, म्हणाली. स्टुलावर बसली, वाकली आणि आपल्याच हाताने पायाभोवती रेघ ओढली.

मित्रांनो, इथेच घोटाळा झाला. बसलेल्या माणसाचा पाय खरा नसतो. अंगाचा भार पडला की पाय पसरतो, आणि चालताना भार पडणारच. शिवाय आपलीच रेघ आपण ओढली की पेन्सिल पायाखाली तिरकी जाते. गुरुसिद्धप्पांना हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण त्यांच्या तरुणपणी मापाचा कागद लांबून फेकणारी गिऱ्हाइकं पुष्कळ होती. बूट हवा, पण बूट करणाऱ्याचा हात नको. ही मुलगीही त्यांतलीच, असं म्हातारबांनी मनात धरलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. कागद उचलताना त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

बूट मात्र देखणा झाला. पूनमने घातला, थोडा आवळतोय हे तिला कळलंही असेल, पण एवढ्या म्हाताऱ्या माणसाने खपून केलेल्या कामाला नाव कसं ठेवायचं म्हणून छान आहे म्हणाली. एक बोलेना, दुसरी सांगेना. मला वाचा असती तर दोघांनाही चांगलं झापलं असतं.

बारा दिवस कातडं वाळण्यात आणि सरावात गेले. तेराव्या दिवशी ती लंगडत आली. दोन्ही करंगळ्या सोललेल्या, तळव्याची कड लाल. सिद्धलिंग म्हणाला, वापरून सैल होईल, तोवर करंगळ्यांना कापूस लाव. पूनम म्हणाली की तिच्याकडे आठच दिवस आहेत, बूट सैल व्हायची वाट बघायला ती मोकळी नाही. चूक कुठं झाली तेवढं सांगावं, ती पुन्हा माप देईल, पुन्हा सराव करील, पण चालणार म्हणजे चालणार.

गुरुसिद्धप्पांनी नवा कागद पसरला. पुन्हा हात पुढे केला. पुन्हा तिने पाय ओढून घेतला.

म्हातारबांनी पेन्सिल खाली ठेवली. हळू आवाजात म्हणाले, “यव्वा, माजा हात लागू द्यायचा नसंल तर तसं सांग. मला त्याची सवय हाय. पन बूट पायाला बसवायचा असतो, कागदाला न्हाय.”

पूनमला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. फावडी म्हटल्यावरही न रडलेली मुलगी ती!

“तसं न्हाय वो आज्जा,” ती म्हणाली. “तुमी माज्या आज्ज्याच्या वयाचं. तुमी माजं पाय धरायचं म्हंजी मलाच पाप लागंल की.”

गुरुसिद्धप्पा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की पाय धरल्याबिगर त्यांचं काम होत नाही, आता काय करायचं ते तिनेच ठरवावं. पूनमने क्षणभर विचार केला. मग ती वाकली, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, उठली आणि कागदावर ताठ उभी राहिली.

“आता धरा,” ती म्हणाली.

गुरुसिद्धप्पांनी लगेच धरला नाही. आधी तिला सिद्धेश्वरांच्या तळ्याकडे चार फेऱ्या मारायला पिटाळलं, कारण चालून आलेला पाय सकाळच्या पायापेक्षा मोठा असतो. ती परत आल्यावर त्यांनी दोन्ही पाय हातात घेऊन चाचपले, घोटे, चवडे, बोटं, सगळं. पहिल्या कागदाशी ताडून पाहिलं तर रुंदीत चांगला बोटभर फरक! मग त्यांनी कातड्याचे तुकडे कापले आणि माझ्या दोन्ही कुशींना खिळ्यांनी ठोकले. नऊ खिळे. आई गं, काय कळ आली! पण मी हूं की चूं केलं नाही. त्या मुलीच्या करंगळ्या मी पाहिल्या होत्या.

म्हातारबांना बारीक टाके दिसत नव्हते, तेव्हा सिद्धलिंगने खोके बाजूला सारले आणि तळ शिवायला बसला. बापाने एकदाही त्याला टोकलं नाही. एरवी आठ दिवस वाळवायचा बूट त्यांनी चौथ्या दिवशी काढला. उरलेले चार दिवस पूनम दोन-दोन मोजे घालून तो पायात मुरवत राहिली.

चालण्याच्या दिवशी दुकान उघडं होतं, पण काम कुणी करत नव्हतं. दुपारी सिद्धलिंगला पूनमचा फोन आला. तीन तास एकेचाळीस मिनिटं! सिद्धलिंग उड्या मारायचा तेवढा राहिला. गुरुसिद्धप्पांनी फोन आपल्याकडे घेतला. वेळ विचारली नाही, नंबर कितवा तेही विचारलं नाही.

“बोटं हलत्यात का आत?” त्यांनी विचारलं.

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. हलवून बघत असणार.

“हलत्यात की, आज्जा,” पूनम म्हणाली. “धाच्या धा.”

मित्रांनो, माझ्या कुशीचे ते तुकडे अजून काढलेले नाहीत. तिच्यासारख्या पायांची माणसं आता वैरागहून, कुठून कुठून येतात आणि मला उसंत नसते. तुमच्यापाशी माझं एवढंच मागणं आहे. पाय रुंद असला म्हणून लाजू नका, त्याला अरुंद बुटात कोंबू नका. मापाला बसू नका, उभे राहा. आणि बूट टोचत असला तर करणाऱ्याचं मन राखायला छान आहे म्हणू नका. त्याला सांगा. तो खरा कारागीर असेल, तर पुन्हा कागद पसरील.