घर पाहिल्याची खूण

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये खाली जीन्सला बटणं ठोकायचा कारखाना आणि वर एक खोली. त्या खोलीत नरेंद्र वेबसाइट दुरुस्त करायचं काम करी. दिवसभर खालून ठकठक चाले आणि त्या तालावर याची बोटं कीबोर्डवर चालत. फर्निचरवाला, पापडवाला, क्लासवाला, आसपासच्या सगळ्यांच्या साइट त्याच्याकडे. नवीन गिऱ्हाईक आलं की तो खालच्या कारखान्याकडे बोट दाखवी.

"साईं, साइटची थीम, म्हणजे तिचं तयार रूप, ही तयार जीन्स समजा. मापात बसली नाही तर कोड लिहून अल्टर करायची. जास्तीचा खिसा पाहिजे? तो प्लगइन."

गिऱ्हाईक हसे आणि काम देऊन जाई.

हे बोलणं मात्र त्याचं स्वतःचं नव्हतं. हरिचंद्रचं होतं, नरेंद्र त्याला हरिभाऊ म्हणे. हरिचंद्र त्याच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानातून त्याने नरेंद्रला उचलला, शेजारी खुर्ची दिली आणि हातचं काही न राखता शिकवलं. दोन वर्षांपूर्वी हरिचंद्रला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. एक वाक्य पुरं व्हायला त्याला इतका वेळ लागे की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होई. सगळी गिऱ्हाइकं नरेंद्रकडे आली. पहिले काही महिने तो दर रविवारी चिखलोलीला हरिभाऊंच्या घरी जाई. मग महिन्यातून एकदा. मग दिवाळीला. कामाचं निमित्त मोठं सोयीचं असतं, त्याला कुणी नाव ठेवत नाही.

त्या गिऱ्हाइकांत अंबरनाथच्या गयाबाई होत्या. फॅक्टरीच्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. विधवा आणि सोडचिठ्ठी झालेल्या बायकांची लग्नं त्या जुळवून देत. पंधरा वर्षं वहीवर काम चाललं. मग हरिचंद्रने त्यांना साइट करून दिली. गयाबाईंचा एक नेम होता. बाईचा फोन नंबर पुरुषाला असाच द्यायचा नाही. आधी त्या स्वतः त्याचं घर बघून येत. स्वयंपाकघरातले डबे उघडून बघत, शेजारणीशी बोलत, म्हाताऱ्या आईच्या खोलीत पंखा आहे का ते बघत. मन भरलं तरच नंबर.

"मुलगा काय, समोर बसला की गोडच बोलतो," त्या म्हणत. "घर खोटं बोलत नाही."

नरेंद्रला हा नेम ऐकून माहीत होता. म्हातारीची हौस, असं त्याला वाटे.

एका शुक्रवारी गयाबाईंचा फोन आला. मोबाइलवर फोटो दिसत नव्हते, नाव नोंदवायचा फॉर्म मधेच अडकत होता. नरेंद्रने रीतीप्रमाणे तपासलं. एकेक प्लगइन बंद करून पाहिला, मग दुसरी थीम लावून पाहिली. दुसऱ्या थीममध्ये फॉर्म सुरळीत चालला, म्हणजे दोष थीममध्ये. थीम पाच वर्षं जुनी होती आणि सर्व्हर नवा झाला होता. दोघांचं जमत नव्हतं. उपाय सरळ होता, थीम अपडेट करायची.

पण हरिचंद्रची एक जुनी सवय होती. तो आपला कोड वेगळा न ठेवता थीमच्याच फायलीत लिहून टाकी. अपडेट केलं की कंपनीकडून नवी कोरी जीन्स येणार, अल्टर केलेलं सगळं जाणार. नरेंद्रला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने फाइल उघडली. वरच्या ओळी वाचल्या. अक्षर मोठं करायच्या, कडेला निळी पट्टी काढायच्या, बटणाचा रंग बदलायच्या. प्रत्येक ओळीवर हरिभाऊंची मराठीत टीप. खाली अजून पाचशे ओळी होत्या. नरेंद्र हसला. रंगरंगोटीच आहे, ती तर आता माउसने होते. त्याने पुढे वाचलं नाही.

तेवढ्यात शीलावहिनींचा, म्हणजे हरिचंद्रच्या बायकोचा फोन आला. "भावजी, गयाबाईंनी यांना सांगितलं तुम्ही त्यांची साइट दुरुस्तीला काढलीय म्हणून. सकाळपासून अस्वस्थ आहेत. बोलायचंय म्हणतात."

मग पलीकडे श्वासाचा आवाज. "नऱ्या... थीम... थीमला..."

समोर फर्निचरवाला बसला होता, घड्याळ बघत होता.

"हरिभाऊ, अजिबात काळजी करू नका," नरेंद्र मोठ्याने म्हणाला, जणू ते बहिरे होते. "मी रविवारी येतो, निवांत बोलू." आणि फोन ठेवला.

शनिवारी त्याने अपडेटचं बटण दाबलं. फोटो दिसू लागले, फॉर्म पळू लागला. अक्षर आणि पट्टी त्याने अर्ध्या तासात पुन्हा बसवली. साइट अगदी नव्यासारखी दिसत होती. गयाबाई खूश झाल्या. रविवारी तो चिखलोलीला गेला नाही. कारण काय, ते आता त्याला आठवतही नाही.

बुधवारी सकाळी गयाबाईंचा फोन.

"नरेंद्र, भावनाचा नंबर कुणाला दिलास का रे?"

"मी? मी कशाला देईन मावशी?"

"मग गेला कसा? तिच्या पहिल्या नवऱ्याचे फोन चालू झालेत. कालपासून चाळीस वेळा. दोन वर्षांपूर्वी कोर्टातून सुटली पोरगी, दोनदा नंबर बदलला तिने. हा नंबर तिची आई, मी आणि किसन, एवढ्यांनाच ठाऊक."

भावना बदलापूरला आईकडे राहायची, अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. किसन चिखलोलीचा, इलेक्ट्रिशियन, बायको वारलेली. गयाबाई मागच्याच आठवड्यात त्याचं घर पाहून आल्या होत्या. डबे भरलेले, आईच्या खोलीत पंखा, शेजारीण चांगलं बोलली. दोघं एकदा भेटलीही होती, गयाबाईंच्या घरी, पोहे खाल्ले होते. भावना पहिल्यांदा हसून बोलली, असं गयाबाईंनी कुणाकुणाला सांगितलं होतं.

नरेंद्रने फोन कानाला लावूनच साइट उघडली. भावनाचं पान काढलं. नंबर दिसत होता. पण तो ॲडमिन म्हणून आत शिरलेला होता आणि ॲडमिनला नंबर नेहमीच दिसत.

"साइट ठीक आहे मावशी. मी स्वतः बघतोय."

"नीट बघितलंस?"

या प्रश्नाचा त्याला राग आला. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला कॅन्टीनवाल्या बाईने विचारावं?

"मशीन खोटं बोलत नाही मावशी. माणसं बोलतात. तुम्हीच म्हणता तिघांना माहीत होता. आई देणार नाही, तुम्ही देणार नाही. मग राहिलं कोण?"

"किसन तसा वाटला नाही रे," गयाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी त्या किसनकडे गेल्या आणि त्याला तोंडावर विचारलं. उत्तर त्याच्या आईने दिलं. "घर बघून गेलात, डबे उघडून गेलात, आम्ही काही बोललो नाही. आता चोर पण ठरवलंत? आमच्याकडून नाही म्हणून कळवा त्या पोरीला."

गुरुवारी नरेंद्रच्या फोनवर अनोळखी बाईचा आवाज आला. ती कल्याणची, तिच्या विधवा मुलीचं नाव गयाबाईंच्या साइटवर होतं. "नंबर साइटवर मिळाला तुमचा. दोन दिवस झाले, नको नको ते लोक फोन करतायत. घाणेरडं बोलतात. काय चालवलंय तुम्ही?"

नरेंद्रने लॅपटॉप उचलला आणि रिक्षा करून चिखलोली गाठली.

हरिचंद्र खिडकीशी बसला होता. शीलावहिनींनी पाणी दिलं, कसे आहात एवढंच विचारलं, रविवारचं काही काढलं नाही. नरेंद्रने सगळं सांगितलं. हरिचंद्र ऐकत राहिला. मग डावा हात पुढे करून त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि पडद्यावरच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"बाहेर... पड."

नरेंद्रला क्षणभर वाटलं, घरातून जायला सांगतोय. मग त्याने बोट कुठे आहे ते पाहिलं. ॲडमिनमधून बाहेर पडण्याचं बटण होतं ते. पहिल्या महिन्यात शिकवलेला धडा. आपण मालक म्हणून आत असतो तेव्हा आपल्याला सगळं दिसतं, म्हणून तपासताना बाहेर पडायचं आणि रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांनी बघायचं.

तो बाहेर पडला. भावनाचं पान उघडलं. नाव, फोटो, बदलापुरातला भाग, कामाचं गाव आणि नंबर. दुसरं पान उघडलं. नंबर. तिसरं. नंबर. त्रेपन्न बायकांचे त्रेपन्न नंबर, कुणीही यावं आणि वाचावं.

"नंबर झाकायचं... मी... थीममध्ये लिहिलं होतं," हरिचंद्र म्हणाला. या वेळी नरेंद्रने त्याला तोडलं नाही. "खाली. शेवटी."

सर्व्हरवर जुनी प्रत होती, ती नरेंद्रने काढली. फाइल शेवटपर्यंत नेली. तिथे त्या ओळी होत्या, नव्वद-एक. माहिती दाखवणारा प्लगइन सगळंच दाखवायचा. या ओळी नंबर अडवून धरायच्या. गयाबाईंच्या पडद्यावर एक चौकट होती, तिच्यापुढे लिहिलेलं 'घर पाहिलं'. गयाबाई तिथे खूण करीत, तेव्हाच त्या एका पुरुषाला त्या एका बाईचा नंबर दिसे. वर हरिभाऊंची टीप होती. 'हे बंद पडलं तर साइट बंद ठेवावी. चालू ठेवू नये.'

म्हातारीची हौस त्या माणसाने ओळीओळीत जपून ठेवली होती.

नरेंद्रने त्या ओळी काढल्या आणि स्वतंत्र छोटा प्लगइन करून बसवल्या, पुन्हा कुठल्या अपडेटने पुसल्या जाऊ नयेत अशा. लॉगआउट करून पाहिलं. नंबर तसाच.

"कॅशे," हरिचंद्र म्हणाला.

साइट लवकर उघडावी म्हणून दुसरा एक प्लगइन पानांच्या तयार प्रती ठेवत होता आणि त्याच जुन्या प्रती लोकांना देत होता. नरेंद्रने त्या पुसल्या. आता नंबर गेला. काम वीस मिनिटांचं होतं. साइट उघडी राहिली होती पाच दिवस.

"तुम्ही त्या दिवशी हेच सांगत होता," नरेंद्र म्हणाला.

हरिचंद्रने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तिथूनच त्याने गयाबाईंना फोन लावला. उचलला नाही. शुक्रवारी पुन्हा लावला, उचलला नाही. शनिवारी तो अंबरनाथला त्यांच्या घरी गेला. गयाबाई जमिनीवर बसून जुनी वही पुढे घेऊन नावं उतरवीत होत्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली उदबत्ती विझलेली. त्यांनी बस म्हटलं नाही, तोच बसला.

त्याने सांगितलं, किसनचा काही दोष नाही, दोष माझा. साइट मी बिघडवली. आता दुरुस्त केली आहे.

"मला वाटलंच होतं," गयाबाई म्हणाल्या. "किसनच्या दारात उभी होते ना, तेव्हाच वाटलं. पण तोंडातून शब्द निघून गेला होता. काल परत गेले माफी मागायला. म्हातारीने दार उघडलं नाही."

"आणि भावना?"

"गुरुवारी तिचा पहिला नवरा कंपनीच्या गेटवर येऊन उभा राहिला. तुझा नंबर साइटवरच मिळाला म्हणाला, हिला केसांना धरून ओढली, पोरींनी सोडवली. चौकीत तक्रार दिली आहे. पण नोकरी सोडली तिने. आईला घेऊन गेली."

"कुठे?"

गयाबाईंनी वहीतून डोळे वर केले आणि पुन्हा खाली घातले.

नरेंद्र चरफडला, स्वतःवरच. "तसं नव्हे मावशी. मला तिची माफी मागायची होती. नुसती फोनवर."

"नवा नंबर आहे माझ्याकडे."

तो वाट पाहत राहिला. गयाबाई पुढचं नाव उतरवू लागल्या. हळू, एकेक अक्षर कोरत. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. बऱ्याच वेळाने नरेंद्रच्या ध्यानात आलं की उत्तर मिळून गेलं आहे.

"साइट काढून टाक," त्या म्हणाल्या. "आजच. माझी पंधरा वर्षं वहीत गेली, अजून थोडी जातील."

"काढतो." तो उठला. दारात चप्पल घालताना थांबला. येताना त्याने मनात बरंच काही जुळवलं होतं. थीम कशी जुनी होती, ॲडमिनला कसं सगळं दिसतं, फर्निचरवाला कसा समोर बसला होता. त्यातलं एकही वाक्य भावनाला सांगण्यासारखं नव्हतं.

"मग तुम्हीच सांगाल का तिला, मावशी? माझी चूक झाली म्हणून?"

"ते तिला माहीत आहे," गयाबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.