भुवयांतला होकार

सरत्या शरदाचं राखाडी, जलभारनत आकाश. त्याखाली कालव्याचं शिसवी पाणी. पाण्याकाठी विटकरी घरांची कृश, काटेकोर, ताठ रांग. आणि या साऱ्यावरून अहोरात्र वाहणारा वारा, उद्धट, उतावळा, हाडं हुडकणारा वारा. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या या ग्रोनिंगन गावात सूर्य येतो तो कामावर उशिरा आलेल्या माणसासारखा. तोंड दाखवतो आणि जातो.

त्या वाऱ्याला छाती देत एक मुलगी सायकल रेटत होती. सावळी, ठेंगणी, कुणाच्या तरी जुन्या कोटात हरवलेली. तिचं नाव अमिहान. फिलिपाइन्समधल्या तिच्या बेटावर अमिहान म्हणतात ईशान्येकडून येणाऱ्या शीतल, सुखद वाऱ्याला. तो सुटला की उकाडा ओसरतो, माणसं दारात बसून गाणी म्हणतात. वाऱ्याचं नाव ल्यालेली ही मुलगी इथं वाऱ्यानंच मेटाकुटीला आली होती. आली होती विद्यापीठात वर्षभर शिकायला. निम्मं बळ पायडल मारण्यातच चाललं होतं.

घर समोर दिसे, आणि नेमका तेव्हाच पूल उठे. घंटा घणघणे, रस्ता अडे, आणि तो अवजड, पांढरा, लोखंडी पूल सावकाश, अगदी सावकाश आभाळाकडे उचलला जाई. का, तर खालून एक होडी जायची आहे. होडीत एक म्हातारा, म्हाताऱ्याच्या तोंडात पाइप, आणि त्याच्यासाठी अख्खं गाव खोळंबलेलं. कुणी ओरडत नाही, कुणी मधूनच घुसत नाही. काय म्हणावं या देशाला!

आणि काय म्हणावं त्या घराला! रस्त्याकडे तोंड केलेली भलीमोठी, लख्ख, उघडीबोडकी खिडकी. पडदा म्हणून नाही. येणाऱ्याजाणाऱ्यानं आत बघावं, पण बघू नये, असा तिथला रिवाज. दुपारी भाताचं नाव नाही. थंड पाव, पावावर लोणी, लोण्यावर चॉकलेटचे दाणे. लहान मुलाच्या वाढदिवसाला शोभावा असा हा प्रकार मोठी माणसं गंभीर चेहऱ्यानं रोज खातात. अमिहानच्या पोटात भात भात म्हणून हंबरडा फुटे. रात्री ती स्वतःपुरता मूठभर भात शिजवी, आणि तो शिजेपर्यंत गाणं म्हणे.

तिला खोली देणारी, घराची मालकीण फ्राउके. साठी उलटलेली, उंच, रुपेरी केसांची, एकटी बाई. दोघी एकमेकींशी इंग्रजीत बोलत, दोघींच्या दोन तऱ्हांच्या इंग्रजीत. पहिल्याच दिवशी अमिहाननं तिला ‘टीटा’ अशी हाक मारली. टीटा म्हणजे मावशी, आत्या, काकू. आईच्या वयाची कुठलीही बाई.

"मी तुझी मावशी नाही," फ्राउके म्हणाली. "मला नाव आहे. फ्राउके म्हण."

आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक? जीभच उचलेना. मग अमिहान तिला काहीच म्हणेनाशी झाली. "अहो ऐकलंत का" म्हणायची सोयही त्या भाषेत नव्हती. जिन्यात उभं राहून ती खाकरे, आणि फ्राउके विचारी, "सर्दी झाली का तुला?"

पहिल्या संध्याकाळी फ्राउकेनं विचारलं होतं, "जेवशील?" अमिहाननं भल्या घरच्या मुलीसारखं म्हटलं, "नको, भूक नाही." तिच्या गावी यानंतर पुन्हा विचारतात, मग रागावतात, मग हाताला धरून पानावर बसवतात. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? फ्राउकेनं मान हलवली, पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि एकटी शांतपणे जेवली. वर खोलीत भुकेली अमिहान उशीत तोंड खुपसून रडली. तिला त्या पातेल्याचा राग आला होता.

कॉफीबरोबर एक बिस्कीट. निळ्या पत्र्याचा डबा उघडे, एक बिस्कीट हाती येई, आणि टक्! झाकण बंद. त्या टक् आवाजानं अमिहानच्या मस्तकात कळ जाई.

आणि तरीही तिला याच घरात राहायचं होतं. कारण गारठा वाढला तेव्हा न विचारता, न सांगता, तिच्या अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी येऊ लागली होती. ऊबदार, गुबगुबीत, मूक. ती पायांशी घेऊन झोपताना अमिहानला वाटे, ही बाई बोलते तशी नाही.

एका रविवारी, कॉफीच्या वेळी, फ्राउकेनं विषय काढला. खोली नाताळपर्यंतच द्यायची ठरली होती. गावात खोल्यांचा दुष्काळ. ही गेली तर दुसरी मिळणं मुश्कील, आणि खोली नाही तर शिक्षण अर्ध्यावर टाकून परत जायचं.

"नाताळनंतरही तुला इथं राहायचंय का?"

अमिहानच्या तोंडात बिस्कीट होतं, आणि काळजात एकाएकी उजेड. तिनं दोन्ही भुवया उंच केल्या.

तिच्या बेटावर हाच होकार. बाजारातली मासळीवाली असा होकार देते, जीपचा ड्रायव्हर देतो, आजी देते, लग्नाला उभी राहिलेली मुलगी देते. शब्दाहून मृदू, शब्दाहून खरा, कपाळावर क्षणभर उमलणारा होकार. पण फ्राउकेच्या देशात, आणि आपल्याही, भुवया उंचावल्या की समजावं, माणसाला काहीतरी खटकलं.

फ्राउके थांबली. "मी काहीतरी विचारलं," ती म्हणाली.

भुवया आणखी उंच गेल्या. हो, हो, किती वेळा हो म्हणू?

फ्राउकेनं डब्याचं झाकण लावलं. "बरं," ती म्हणाली.

अमिहान आठवडाभर तरंगत होती. पूल उठला तरी तिला राग आला नाही. वाऱ्यातही ती गुणगुणत होती. आणि एका दुपारी घरी येऊन तिनं खोलीचं दार उघडलं, तर तिच्या खोलीत एक अनोळखी, लांब बोटांची मुलगी उभी. इटलीहून आलेली. खिडकीची रुंदी वितीनं मोजत होती.

"पडदा लावता येईल?" मुलगी विचारत होती.

"नाही," फ्राउके सांगत होती.

अमिहान दारातच थिजली. मग तिचा इतक्या दिवसांचा संताप एकदम उसळला: वाऱ्याचा, पुलाचा, थंड पावाचा, झाकलेल्या पातेल्याचा.

"ही माझी खोली आहे! मी हो म्हटलं होतं!"

"तू काहीच म्हटलं नाहीस."

"म्हटलं! दोनदा म्हटलं! असं!" आणि रडवेल्या, लाल डोळ्यांवर तिनं भुवया ताणून उंच केल्या. "आमच्याकडे हाच हो असतो!"

फ्राउके बघत राहिली. "मला वाटलं, तुला धक्का बसला. या म्हातारीबरोबर आणखी राहायचं, या कल्पनेनं."

"तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत?"

"तुला तोंड का नाही?"

इटलीची मुलगी आळीपाळीनं दोघींकडे पाहू लागली.

मग फ्राउके खिडकीकडे वळली, आणि पाठमोरीच म्हणाली, "तू भात शिजताना गातेस. मला वाटलं, आता ते बंद होणार. मला वाईट वाटलं, म्हणून मी घाईनं दुसरी मुलगी बोलावली." त्या देशात मनातलं असंच बोलतात, भाकरीचा तुकडा मोडावा तसं. अमिहानला आजवर त्याचा रागच आला होता. आज तिनं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

"खोली गेली," फ्राउकेनं इटलीच्या मुलीला सांगितलं. "चूक माझी. कॉफी पिऊन जा." ती कॉफी प्यायली. तिला एक बिस्कीट मिळालं. टक्! ती गेली.

स्वयंपाकघरात दोघी उरल्या. बाहेर दिवस मावळत होता; कालव्याच्या काळ्याभोर पाण्यावर केशराची एकच रेघ थरथरत होती. पुलाची घंटा वाजू लागली.

"एक विचारू?" अमिहान म्हणाली. "मी तुम्हाला टीटा म्हणू का?"

फ्राउकेनं बोलायला तोंड उघडलं. त्यात ‘नाही’ होतं. सवयीचं, सरळ, स्वच्छ ‘नाही’. अमिहानला ते दिसलंही. मग ते तोंड मिटलं.

खिडकीबाहेर, विझत्या केशरी उजेडात, तो अवजड पांढरा पूल हळूहळू उठू लागला. रस्ता थांबला, सायकली थांबल्या, वारा तेवढा थांबला नाही. आणि खिडकीच्या आत, साठ वर्षं कधी असं न केलेल्या त्या ताठ कपाळावर, विरळ, रुपेरी भुवया कष्टानं, कुरकुरत, एक जरा आधी, एक जरा नंतर, वर गेल्या. आणि तिथंच थांबल्या.

"टीटा," अमिहान म्हणाली.

पुलाखालून होडी गेली. टेबलावर डबा उघडा होता.