भूतकाळात लिहिलेलं पत्र

दैवशाला मॅडम जाफराबादच्या एका शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. वहीत एकाच परिच्छेदात दोन काळ दिसले की त्या चिडायच्या. "सुरुवात भूतकाळात केली ना? मग शेवटपर्यंत भूतकाळच!" त्यांचा जुना विद्यार्थी अलीम आता ओमानमध्ये एका बांधकाम कंपनीत कामाला होता.

एका गुरुवारी सकाळी अलीमची आई ताहेराबी धापा टाकत दारात आली.

"मॅडम, अलीमच्या अब्बांना सोमवारी अटॅक आला. जालन्याला आयसीयूत ठेवलंय. डॉक्टर म्हणून राह्यले, पोराला जल्दी बोलवा. पण कंपनीला घरच्यांचं पत्र पाहिजे म्हणे, इंग्रजीत."

"बसा. आत्ता लिहिते."

सोमवारी झटका आला, दवाखान्यात नेलं, हे मॅडमनी भूतकाळात लिहिलं. पुढं लिहिलं, ते आयसीयूत आहेत, प्रकृती गंभीर आहे. पाठवण्याआधी पुन्हा वाचताना नजर अडली. वर वॉज, खाली इज. सवयीनं त्यांनी दोन्ही 'इज'चे 'वॉज' केले. पत्र आता एकसारखं दिसत होतं. त्यांनी ते कंपनीच्या ईमेलवर पाठवलं.

संध्याकाळी उत्तर आलं. 'वडील आजारी होते हे वाचून वाईट वाटलं. आता ते बरे असतील अशी आशा आहे. रजेचा विचार पुढच्या महिन्यात करू.'

मॅडमनी सकाळी पाठवलेलं पत्र पुन्हा उघडून वाचलं. त्यांनी लगेच दुसरं पत्र पाठवलं, कंपनीला फोन लावला. शुक्रवार-शनिवार ऑफिस बंद, एवढंच रेकॉर्डिंग वाजत राहिलं. शुक्रवारी त्या जालन्याला जाऊन आल्या. शनिवारी पहाटे अलीमचे अब्बा गेले. रजा रविवारी मंजूर झाली. सोमवारी अलीम आला तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते.

मॅडम भेटायला गेल्या. ताहेराबी त्यांचा हात धरून रडली. "तुम्ही तर लगेच लिवलं हो. कंपनीच बेरहम निघाली."

निघताना अलीम रस्त्यापर्यंत सोबत आला.

"अलीम, चूक कंपनीची नाही रे..."

"माहितीये मॅडम. ऑफिसनं दोन्ही पत्रं दाखवली मला."

"मी आधी बरोबर लिहिलं होतं. नंतर खोडलं."

अलीम म्हणाला, "अब्बा शुद्धीवर होते का?"

"शुक्रवारी दुपारी होते. तू कुठवर आलास, विचारत होते."

अलीमनं मान फिरवली. "अम्मीला सांगू नका, मॅडम. तिला तुमचा लई आधार वाटतो."

आठ दिवसांनी तो परत गेला. नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस ताहेराबी घरातच होती. मॅडम दर रविवारी तिच्याकडं जायच्या. आज सांगूनच टाकायचं, असं ठरवून निघायच्या. तिथं बायका बसलेल्या असायच्या. ताहेराबी सरकून त्यांना जागा करून द्यायची आणि नव्यानं आलेल्या बाईला सांगायची, "याच त्या मॅडम. माझ्या अलीमसाठी पत्र यांनीच लिवलं व्हतं."