दुर्मिळ होण्याचा प्रयत्न

मी चाकू जमवायचो. एकूण सत्तावीस होते आणि त्यातल्या एकानेही कधी कांदा कापला नव्हता. या छंदाचा नियम साधा आहे. जो चाकू कुठल्याही दुकानात मिळतो, त्याला कोणी विचारत नाही. जो शोधूनही सापडत नाही, त्याच्यासाठी माणसं रजा टाकून घोटीपर्यंत जातात.

फुलबाजारात दीपमालाच्या घरच्यांचा गाळा होता. मी रोज तिथे जायचो. देव मानत नसूनही हार घ्यायचो.

"आलास? बस तिकडे, टोपलीजवळ," ती म्हणायची.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की मी फारच सहज मिळतोय. मग भाव वाढावा म्हणून मी तीन महिने तिकडे फिरकलोच नाही.

चौथ्या महिन्यात गेलो, तर तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा ओझरच्या विमान कारखान्यातला. रोज संध्याकाळी गाळ्यावर यायचा म्हणे.

"कुठे मेला होतास?" ती म्हणाली. "किती वाट पाहिली मी. शेवटी आईला हो म्हटलं."

"कामात होतो," मी म्हणालो.

तिने पदराने डोळे पुसले. "हळद लागल्यावर नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार लागते. तुझ्याकडे असेल ना एखादी? भारी नको रे. बाजारात मिळते तसली साधी दे."

तसली माझ्याकडे एकही नव्हती. मी भांडीबाजारात गेलो. पहिल्याच दुकानात मिळाली.